फटफटीवरून चंद्रभागेच्या उगमापर्यंत

हिमालयांत जाणाऱ्यानें बरोबर काय न्यावें, याच्या दोन याद्या २०२२ च्या वैशाखांत आमच्या घरीं तयार झाल्या. पहिली वहिनींची. तींत मेतकूट, सुंठीच्या वड्या, लोंकरीचे पायमोजे, कापराची पुरचुंडी असे सव्वीस जिन्नस होते. दुसरी नाना पेठेंतील एका वृद्ध मिस्त्र्यांची; तींत एकच जिन्नस होता. त्यांनीं कागदाच्या पुडींतून तीन पितळी कळ्या काढून माझ्या तळहातावर ठेविल्या. लवंगेहून फारशी मोठी एकही नव्हती. प्रत्येकीच्या पोटांतून आरपार छिद्र; प्रकाशाकडे धरिलें तर सुईच्या अग्राएवढा उजेड दिसे. एकीवर ९० हा आंकडा कोरलेला, दुसरीवर ८५, तिसरीवर ८०. "गुरुजी," ते म्हणाले, "बाकी सामान विसरलें तरी चालेल, ही पुडी विसरूं नका. आणि वर जातांना जें बदलाल तें खालीं येतांना पुन्हा बदला."

या वाक्याचा पूर्वार्ध मीं नीट पाळला. उत्तरार्धाची हकीकत पुढें येईलच.

फटफटी आमच्या दादांची. साडेतीनशें सी. सी.ची रॉयल एन्फील्ड बुलेट त्यांनीं १९९८ सालीं घेतली आणि वीस वर्षें स्वतःच्या हातानें पुसली. २०१९ सालीं ते गेले. त्यानंतर गाडी ओसरीच्या कोपऱ्यांत ताडपत्रीखालीं उभी असे. दसऱ्याच्या दिवशीं वहिनी तिला झेंडूची माळ घालीत, एवढाच तिचा संसार उरला होता. अशी गाडी घेऊन लेहला जाण्याचें माझ्या पुतण्याच्या मनांत आलें. वहिनी पुष्कळ वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "भावोजी बरोबर जात असतील तर ने." नववी-दहावीच्या मुलांना शब्द चालविण्यास शिकवितांना ज्याचा जन्म गेला, त्या माणसाची अशा रीतीनें मागच्या आसनावर नेमणूक झाली. एक शंभर पानी वही घेऊन गाडीचा रोजचा वृत्तांत लिहिण्याचें काम मीं आपण होऊन पत्करिलें.

जाण्यापूर्वीं चार संध्याकाळ मी त्या मिस्त्र्यांच्या दुकानांत पेट्रोलच्या वासांत उकिडवा बसून कार्ब्युरेटर शिकलों. विद्या अवघड नाहीं. एंजिन पिचकारीप्रमाणें हवा ओढतें. ती हवा ज्या नळींतून आंत येते ती मध्यें आकसलेली असते. आकसल्या जागीं हवेचा वेग वाढतो आणि दाब घटतो. दाब घटला कीं खालच्या वाटींतलें पेट्रोल जेटच्या छिद्रांतून वर ओढलें जातें आणि तुषार होऊन हवेंत मिसळतें. अत्तराच्या फवाऱ्याचें तत्त्व तेंच. वेग वाढतां दाब घटतो, हा नियम बर्नुलीनें १७३८ सालीं मांडला, आणि आकसलेल्या नळीला वेंचुरी या इटालियन पंडिताचें नांव आहे. पेट्रोल पूर्णपणें जळण्यास त्याच्या एका भागाला वजनानें १४.७ भाग हवा लागते. गाडीनें सारा जोर लावावा अशी इच्छा असेल तर हवा थोडी कमी, साडेबारा-तेरा भाग, द्यावी लागते. मूठ जेमतेम फिरविलेली असतांना लहान जेट पेट्रोल पुरवितो. पाव ते पाऊण मुठीपर्यंत एक निमुळती सुई वरखालीं होऊन त्याचें माप ठरविते. आणि मूठ पुरती पिळली म्हणजे मुख्य जेटच्या छिद्रावर सारें येऊन पडतें. आमच्या पुडींतले तिन्ही जेट हे मुख्य जेट होते. आंकडा लहान तितकें छिद्र लहान. सुईला वरच्या टोंकाशीं खांचा असतात व त्यांतल्या एकींत बारीक क्लिप बसते. क्लिप वरच्या खांचेंत बसविली कीं सुई खालीं उतरते आणि पेट्रोल कमी येतें.

मिस्त्र्यांच्या बोलण्यांत "रिच" आणि "लीन" हे दोन शब्द घडोघडी येत. रिच म्हणजे मिश्रणांत पेट्रोल जास्त, हें मला लवकर कळलें. परंतु "लीन" म्हणतांच माझ्या डोळ्यांपुढें हात जोडून उभा राहिलेला कोणी नम्र भक्त येई. "गाडी लीन झाली तर त्यांत वाईट काय?" असें मीं विचारिलें, तेव्हां दुकानांतलीं पोरें खुदखुदलीं. म्हातारे मात्र हंसले नाहींत. "रिच गाडी धूर ओकते, खोकते, पेट्रोल पिते, पण मरत नाहीं. लीन गाडी गोड चालते, गोड चालते, आणि एकदम जाते." त्याचें कारणहि त्यांनीं सांगितलें. जास्तीचें पेट्रोल वाफ होतांना उष्णता शोषून घेतें, म्हणजे तेंच एंजिनाला आंतून थंडावा देतें. तो थंडावा गेला कीं पिस्टन तापतो. पिस्टन अॅल्युमिनियमचा, आणि ही धातु तापली असतां बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. बाहेरचें नळकांडें बिडाचें. तें तेवढें फुगत नाहीं. दोहोंमधली केसाएवढी फट संपली कीं पिस्टन आंतल्या आंत आवळला जातो.

मेच्या अखेरीस टाकींतलें पेट्रोल काढून आम्हीं गाडी झेलम एक्सप्रेसच्या पार्सल-डब्यांत चढविली आणि अंबाल्यास उतरविली. अंबाला ते मनाली या दोन दिवसांविषयीं लिहिण्यासारखें एवढेंच, कीं पंजाबांतल्या उन्हानें माझ्या टोपीचा रंग उडाला व बियासच्या कांठीं तो उन्हाळा स्वप्नवत् वाटला. मनालीहून पूर्वीं रोहतांगची ३,९७८ मीटरांची खिंड चढून जावें लागे. २०२० च्या ऑक्टोबरांत तिच्या पोटांतून नऊ किलोमीटरांचा अटल बोगदा खुला झाला आणि आतां माणूस दिव्यांच्या उजेडांत पंधरा मिनिटांत लाहौलांत निघतो. अलीकडे देवदारांची दाट सावली आणि पलीकडे उघडे, राखी रंगाचे पहाड! एकाच नाटकाचे दोन पडदे इतक्या झटकन् बदललेले मीं दुसरीकडे पाहिले नाहींत.

बोगद्यापासून थोड्या अंतरावर तांडी आहे. तेथें चंद्रा आणि भागा या दोन नद्या एकमेकींस मिळतात आणि चंद्रभागा होतात. खालीं मैदानांत तिलाच चिनाब म्हणतात, आणि ऋग्वेदांतली असिक्नी ती हीच. पंढरपुरास भीमेच्या वळणाला ज्यांनीं चंद्रभागा म्हटलें त्यांच्या मनांत ही दूरची नदी होती कीं चंद्रकोरीसारखें तें वळण होतें, याचा विचार करीत मी संगमावर उभा होतों. इतक्यांत पुतण्यानें हांक मारली, "काका, पाटी पाहिलीत का?" तांडीच्या पेट्रोलपंपावर मोठ्या अक्षरांत लिहिलें होतें, कीं पुढचा पंप ३६५ किलोमीटरांवर आहे. आमच्या टाकींत चवदा लिटर मावे. दहा लिटरांचे डबे आणखी भरून घेतले. मी वहींत लिहिलें: "तांडी. जेट ९०. प्लगचा रंग कॉफीसारखा."

प्लगच्या रंगाविषयीं सांगणें राहिलेंच. वैद्य जशी रोग्याची जीभ पाहतो तसा मिस्त्री प्लग पाहतो. दुधाच्या कॉफीचा रंग असेल तर प्रकृति ठीक. काजळीसारखा काळा असेल तर रिच. आणि हाडासारखा पांढरा असेल तर लीन. नुसतें गाडी थांबवून पाहूं नये. ज्या वेगाची परीक्षा करावयाची त्या वेगानें थोडें अंतर जाऊन, क्लच दाबून एंजिन तेथल्या तेथें बंद करावें, मग प्लग काढावा. नाहींतर संथ चालीची काजळी वर बसून जीभ खोटें बोलते.

जिस्पा येथें, सुमारें ३,२०० मीटरांवर, मुक्काम केला. तेथें पुतण्यानें सुईची क्लिप एक खांच वर घेतली. त्याच रात्रीं जेटहि बदलावयाचा होता; परंतु गाडी चालते आहे, उद्यां पाहूं, असें त्याचें मत पडलें आणि मला झोंप आली होती. दुसऱ्या दिवशीं झिंगझिंगबार सोडून बरालाचाचा चढ लागला आणि "उद्यां" आमच्यापुढें उभा राहिला. दुतर्फा पुरुषभर उंचीचा बर्फ कापून काढलेला रस्ता. मूठ पिळावी तों गाडी पुढें जाण्याऐवजीं घशांतल्या घशांत गुरगुरे आणि मागें काळा धूर सोडी. पहिल्या गिअरमध्येंहि दोघांचें ओझें तिला ओढेना. मी उतरून चालूं लागलों आणि साठ पावलांत समजलें कीं गाडीला जें झालें आहे तेंच मला झालें आहे.

येथें शाळामास्तराचें थोडें गणित वाचकांनीं सोसावें. हवेंतलें प्राणवायूचें प्रमाण डोंगरावर घटत नाहीं. तें सर्वत्र शेंकडा एकवीसच. घटते ती हवाच. पुण्यांत ज्या भांड्यांत हवेचे शंभर भाग मावतात, त्याच भांड्यांत या रस्त्यावरच्या सर्वांत उंच खिंडींत साठांच्या आसपास मावतात. कोणी म्हणेल, हवा कमी आली तर पेट्रोलहि तितकेंच कमी ओढलें जाईल, मग प्रमाण कां बिघडावें? मलाहि तसेंच वाटलें होतें. परंतु आकसल्या नळींतली ओढ हवेच्या घनतेच्या मानानें घटते, आणि छिद्रांतून वाहणारें पेट्रोल ओढीच्या वर्गमूळाच्या मानानें. हवा शंभराची साठ झाली तर पेट्रोल शंभराचें साठ होत नाहीं, सत्याहत्तर होतें. जेवणारे साठ आणि पानें सत्याहत्तर! उरलेलें अन्न जळत नाहीं, धूर होऊन बाहेर पडतें. म्हणून छिद्र लहान करावयाचें.

सूरजताल हें भागेचें उगमस्थान. खिंडीच्या जरा अलीकडे, रस्त्याला लागूनच आहे. तळें अजून अर्धें गोठलेलें होतें. त्याच्या कांठीं एका दगडाच्या आडोशाला पुतण्यानें हातमोजे काढून कार्ब्युरेटरची वाटी सोडविली. पेट्रोल बोटांवर सांडलें कीं त्या वाऱ्यांत तें इतकें गार लागे, कीं भाजल्यासारखा तो हात झटकी. मी दोन्हीं हातांची ओंजळ करून खालीं धरिली होती, न जाणों तो पितळी कण बर्फांत पडेल. ९० काढला, ८० बसविला. किक मारण्याची शक्ति दोघांतहि फारशी नव्हती, आळीपाळीनें मारल्या. सातव्या किकेस गाडीनें घसा साफ केला आणि तिचा आवाज पुन्हा दादांच्या गाडीसारखा झाला. चंद्रभागेच्या उगमाशीं मीं तीन आचमनें घेतलीं. तीं श्रद्धेनें घेतलीं कीं सुटकेच्या आनंदानें, हें सांगतां येणार नाहीं. "सूरजताल. जेट ८०," वहींत नोंद झाली.

त्यानंतर गाडीनें तक्रार केली नाहीं. तिचा जोर मात्र पुरता परत आला नाहीं, आणि तो येणारहि नव्हता. जेट मिश्रण सुधारितो. नसलेली हवा कोठून आणील? १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे प्रदूषणाचे नवे नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींत कार्ब्युरेटरऐवजीं पेट्रोलची पिचकारी आली. ती हवेचा दाब आपणच मोजते व आपणच पेट्रोलचें माप ठरविते. तशा गाड्यांवरचे तरुण आमच्याजवळून हात हालवीत जात. परंतु गाटा लूप्सच्या एकवीस वळणांवर त्यांच्याहि गाड्या पहिल्या गिअरमध्यें विव्हळत असलेल्या पाहून माझ्या मनाला जें समाधान झालें, तें फारसें सात्त्विक नव्हतें.

सरचूची रात्र मी विसरूं म्हणेन तर विसरणार नाहीं. ४,२९० मीटरांवर तंबूंत डोकें असें ठणकत होतें, कीं वहिनींचा कापूर हुंगून हुंगून संपविला. सकाळीं आसनावर दंव गोठलें होतें. तशा थंडींतहि चोक पुरता ओढला कीं गाडी गुदमरे. अर्ध्या चोकवर सुरू होई. पुढें लाचुलुंग ला, पांग, आणि पांगच्या वरचें मोरे पठार. चाळीस किलोमीटर सपाट जमीन, आणि तीहि साडेचार हजार मीटरांच्या वर! सह्याद्रीच्या माणसाला पठार म्हणजे डोंगराचा माथा. येथें डोंगर पठारावर उभे आहेत. तांगलांग ला ५,३२८ मीटर. तेथें आम्ही पांच मिनिटें थांबलों, एकहि शब्द बोललों नाहीं आणि उतरूं लागलों. उपशीला सिंधु दिसली. मातकट, रुंद, घाईंत असलेली. आयुष्यभर जिचें नांव मुलांकडून घोकून घेतलें तिला पाहून काय वाटलें, हें मी वहींतहि लिहिलेलें नाहीं. पेट्रोलचा हिशेब मात्र लिहिला आहे: पुण्यास लिटरला पसतीस किलोमीटर चालणारी गाडी या टप्प्यांत सव्वीस चालली.

लेहच्या तीन दिवसांत गोंपे पाहिले, जर्दाळू खाल्ले. खारदुंग ला खिंडीवर १८,३८० फूट अशी पाटी फार वर्षें मिरवीत होती. अलीकडच्या मोजणीप्रमाणें ती ५,३५९ मीटर, म्हणजे साडेसतरा हजार फुटांच्या थोडी वर भरते. खोटेपणा न करतांहि ती पुरेशी उंच आहे.

परत येतांना त्याच वाटेनें आलों. मनालीस पोंचलों तेव्हां दुसऱ्या रात्रीं अंबाल्याहून गाडी पकडावयाची होती. सकाळीं निघतांना पुतण्यानें विचारिलें, "काका, जेट बदलूं का? अर्धा तास लागेल." एंजिन अंगणांत चालू होतें. काळा धूर नाहीं, खोकला नाहीं, इतका स्वच्छ आवाज मीं सबंध प्रवासांत ऐकिला नव्हता. मी म्हणालों, "अरे, किती गोड चालते आहे! आहे तें बिघडवूं नकोस." हाच शब्द नाना पेठेंत मीं ऐकिला होता, आणि तो माझ्या तोंडून निघाला तरी मला ओळखूं आला नाहीं.

मंडी, बिलासपूर, स्वारघाट येथपर्यंत घाटरस्ता. मूठ अर्धीमुर्धीच फिरे, सुईचा कारभार, कसेंबसें निभावलें. उतारावर मूठ सोडली कीं नळींतून फट् फट् असे बारीक आवाज येत. ते मला गाडीच्या उल्हासाचे वाटले. कीरतपूरला पहाड संपला. पुढें सपाट, रुंद रस्ता, जूनचें दुपारचें ऊन, तवा तापावा तशी हवा. वेळ गांठावयाची म्हणून पुतण्यानें मूठ पुरती पिळली. वीस-पंचवीस मिनिटें ताशीं ऐंशीच्या वेगानें गेलों असूं. रोपडच्या अलीकडे गाडी एकाएकीं जड झाली, जणूं कोणी मागून पदर धरला. आणि दुसऱ्याच क्षणीं मागचें चाक अडकून रस्त्यावर घसरूं लागलें. मागें मालमोटार होती. पुतण्यानें क्लच दाबला म्हणून चाक सुटलें आणि आम्ही कडेच्या मातींत येऊन थांबलों. मालमोटार कर्णा वाजवीत गेली. एंजिनाची एवढी धग येत होती, कीं जवळ उभें राहवेना. किक दगडासारखी घट्ट. पुतण्याचे हात थरथरत होते. तो मला एका अक्षरानेंहि बोलला नाहीं.

जवळच ट्रॅक्टर दुरुस्तीचें एक दुकान होतें. तेथले वृद्ध सरदारजी आले. त्यांनीं आधीं आम्हां दोघांना ताक पाजलें, गाडीवर पाणी ओतूं दिलें नाहीं, तासभर ती तशीच निवूं दिली. मग प्लग काढून माझ्यापुढें धरला. राखेसारखा पांढरा, आणि त्यावर रुपेरी ठिपके. ते ठिपके पिस्टनचे होते. वाटी उघडून त्यांनीं जेट उन्हांत धरिला, डोळा मिचकावून आंकडा वाचला आणि म्हणाले, "मास्टरजी, ये तो पहाड़ का जेट है." मीं खिशांतून पुडी काढून ९० त्यांच्या हातावर ठेविला. क्लिपहि खालच्या खांचेंत आली. थंड झाल्यावर किक फिरली. आंत घासल्याचा बारीक आवाज येत होता. ताशीं तीसच्या वेगानें आम्ही रात्रीं अंबाल्यास पोंचलों. आमची गाडी निघून गेली होती. स्टेशनवरच दुसऱ्या दिवसाची वाट पाहिली. मजुरी त्यांनीं घेतली नाहीं.

पुण्यास आल्यावर मिस्त्र्यांनीं नळकांडें उतरवून पिस्टन वर्तमानपत्रावर ठेविला. दोन्हीं बाजूंना उभे ओरखडे, मांजरानें ओरबाडल्यासारखे. नळकांडें घासून रुंद करून, एक माप मोठा पिस्टन घालावा लागला. खर्च मीं माझ्या पेन्शनींतून दिला, परंतु प्रश्न खर्चाचा नव्हता. दादांनीं वीस वर्षें जें जपलें तें मीं वीस मिनिटांत घालविलें होतें. पंजाबच्या उन्हानें झालें, असें सांगण्याचा मोह मला दोन दिवस होत होता, आणि पुतण्याहि तसेंच सांगणार होता. तिसऱ्या दिवशीं जेवणें झाल्यावर मीं वहिनींना सारें सांगितलें. त्या भांडीं आवरीत होत्या. ऐकून झाल्यावर त्यांनीं एवढेंच विचारिलें, "वहींत लिहिलें आहे का?"

लिहिलेलें नव्हतें. मनालीनंतरचें पान कोरें होतें. त्या रात्रीं मीं तें भरलें: "मनाली ते रोपड. जेट ८०. पुतण्यानें बदलूं का म्हणून विचारिलें. मीं नको म्हटलें."

जुना पिस्टन वहिनींनीं चिंचेनें घांसून लखलखीत केला आहे आणि तो ओसरीवरच्या फळीवर, दादांच्या टोपीशेजारीं असतो. पुतण्या पुढच्या उन्हाळ्यांत स्पितीला जावें म्हणतो. वही त्यानें माझ्याकडून मागून घेतली आहे.